यूएफडब्ल्यू काढला, फायरवॉलडी बसवला, तरी दर रविवारी ड्रॉइंगचं फोल्डर गायब

रविवारी सकाळी नऊला नाशिकचा माणूस कुठे असतो हे सांगायला नको. मीही गंगापूर रोडला मिसळीचं टोकन हातात धरून उभा होतो. पुढे अकरा नंबर बाकी. तेवढ्यात अंबडहून वर्कशॉपवाल्या काकांचा फोन. "भाऊ, परत ड्रॉइंग दिसेना. पोरं मशीनपाशी नुसती उभी आहेत."

'परत' हा शब्द झोंबला, कारण हा सलग तिसरा रविवार होता.

यूएफडब्ल्यू आणि फायरवॉलडी हे लिनक्सवर फायरवॉल सांभाळणारे दोन प्रोग्राम. तुमच्याकडेही उबंटू किंवा मिंटवर यूएफडब्ल्यूच्या जागी फायरवॉलडी आणल्यावर एखादा पोर्ट आज चालतो, उद्या बंद, परवा पुन्हा चालू असा खेळ होत असेल, तर पुढचं वाचा. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टर्मिनलमध्ये त्या नेहमीच्या लिपीतच टाकायच्या. आयपीटेबल्सच्या आज्ञांत एस, पी, एफ, एक्स ही सुटी अक्षरं आणि इनपुट, फॉरवर्ड, अक्सेप्ट हे शब्द कॅपिटल, बाकी आज्ञा स्मॉल.

आधी जागा कशी आहे ते सांगतो. अंबड एमआयडीसीत, गरवारे पॉइंटच्या अलीकडे, एक छोटं वर्कशॉप. पार्ट्सची ड्रॉइंग आणि सीएनसीचे प्रोग्राम एका उबंटू २२.०४ च्या कॉम्प्युटरवर ठेवलेले, सांबाने, म्हणजे लिनक्सवरचं फोल्डर विंडोजला दाखवणाऱ्या प्रोग्रामने, शेअर केलेले. मशीनपाशी दोन विंडोज कॉम्प्युटर, ते हे फोल्डर उघडतात. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या कुणीतरी हे सगळं यूएफडब्ल्यूवर बसवून दिलं होतं आणि ते बिनतक्रार चाललं.

महिन्यापूर्वी काकांनी इंटरनेटसाठी वेगळी लाइन घेतली. मी त्या कॉम्प्युटरला दुसरं नेटवर्क कार्ड टाकलं. एका कार्डावर मशीनांचं नेटवर्क, दुसऱ्यावर बाहेरचं. मशीनांच्या बाजूची आयपी पत्त्यांची रेंज १९२.१६८.१ ची बदलून १९२.१६८.१० केली, कारण नवा राउटर जुन्याच रेंजवर अडून बसला होता. दोन कार्डं झाली की फायरवॉलडी बरा पडतो असं माझं मत. त्यात झोन असतात, एक कार्ड एका झोनमध्ये, दुसरं दुसऱ्यात, आणि 'सांबा फक्त आतल्या बाजूला' हे एका ओळीत सांगता येतं. यूएफडब्ल्यूमध्येही ते होतं, पण चार महिन्यांनी रूल वाचताना डोकं खाजवायला लागतं. म्हणून बदललं. यूएफडब्ल्यूमध्ये खोट होती म्हणून नव्हे. एकाच कार्डाच्या कॉम्प्युटरवर मी आजही तोच ठेवतो.

त्या दिवशी सगळं चाललं. आठवडाभर चाललं. रविवारी बंद.

पहिल्या रविवारी मी गेलो, यूएफडब्ल्यू चुकून परत चालू झाला असेल म्हणून 'सुडो यूएफडब्ल्यू डिसेबल' पुन्हा मारलं, आणि फोल्डर लगेच उघडलं. मी म्हटलं, बघा, हाच होता चोर. दुसऱ्या रविवारी फोनवरूनच ऑपरेटरकडून तीच आज्ञा मारून घेतली, फोल्डर उघडलं. मग सोमवारी जाऊन राग काढला आणि 'एपीटी पर्ज यूएफडब्ल्यू' करून पॅकेजच उखडून टाकलं. आता कुठून येतोस बघतो!

तिसऱ्या रविवारी तो आलाच.

वर्कशॉपमध्ये तोवर एकमत झालं होतं की ही शनिवारची पनोती आहे. त्यात निम्मं खरं होतं. यांची सुट्टी शनिवारी, आणि शुक्रवारी रात्री निघताना मेन स्विच पाडून जातात. आठवडाभर दोन पाळ्या, कॉम्प्युटर बंद होतच नाही. म्हणजे तो आठवड्यातून एकदाच, रविवारी सकाळी, नव्याने बूट होतो. बिघाड वाराचा नव्हता, बूटचा होता. ही गोष्ट मी पहिल्याच रविवारी विचारायला हवी होती: कॉम्प्युटर शेवटचा कधी बंद केला? वारंवार येणाऱ्या दुखण्यात हा प्रश्न सगळ्यात आधी, कारण बंद-चालूनंतरच येत असेल तर कुणीतरी बूटच्या वेळी काहीतरी लोड करतंय हे तिथेच ठरतं.

मिसळ पार्सल घेतली आणि गाडी पाथर्डी फाट्याकडे वळवली.

या वेळी मात्र आल्याआल्या कुठलीच आज्ञा मारली नाही. बिघाड जिवंत आहे तोवर बघून घ्यायचा, दुरुस्त झाला की पुरावा गेला. मशीनपाशच्या विंडोजवरून पिंग मारला, उत्तर येत होतं. माझ्या लॅपटॉपवरून एसएसएच (लांबून लॉगिन करायची सोय) लागत होतं. फक्त सांबाचा पोर्ट ४४५ लागत नव्हता, आणि तो कसा लागत नव्हता ते महत्त्वाचं आहे. लगेच 'नाही' असं उत्तर येत नव्हतं. वीस-एकवीस सेकंद नुसतं लटकून मग वेळ संपल्याचा संदेश.

फायरवॉलडी आपल्या नेहमीच्या झोनमध्ये नको असलेलं पाकीट (नेटवर्कचं पॅकेट) परत पाठवतो, म्हणजे समोरच्याला तिथल्या तिथे नकार कळतो. सांबाच चालू नसता तरी नकार लगेच आला असता. यूएफडब्ल्यूचं 'डिनाय' मात्र पाकीट गुपचूप गिळतं, समोरचा वाट बघत बसतो. तेव्हा लटकणं हाच पहिला इशारा होता की नाही म्हणणारा फायरवॉलडी नाही. तरी खात्रीसाठी 'एसएस -टीएलएनपी' मारून पाहिलं, एसएमबीडी, म्हणजे सांबाच, ४४५ वर कान देऊन बसलेला होता. आणि 'फायरवॉल-सीएमडी --झोन=इंटर्नल --लिस्ट-ऑल' मध्ये कार्डही बरोबर, सांबाही यादीत. फायरवॉलडीच्या कागदपत्रांत काही खोट नाही.

मग कर्नलचा लॉग उघडला:

सुडो जर्नलसीटीएल -के -एफ

मशीनपाशच्या पोराला म्हटलं, फोल्डर उघड. त्याने क्लिक केलं आणि स्क्रीनवर ओळ सरकली:

[यूएफडब्ल्यू ब्लॉक] इन=ईएनपी२एस० … एसआरसी=१९२.१६८.१०.२१ … डीपीटी=४४५

यूएफडब्ल्यू मुळात ४४५ च्या अडवणुकीची नोंद करत नाही, इथे आधीच्या माणसाने ती चालू केलेली असणार. मी ती ओळ दोनदा वाचली. मग 'यूएफडब्ल्यू स्टेटस' टाकलं. उत्तर: अशी आज्ञाच नाही. बरोबरच, पॅकेज मीच सोमवारी उपटलं होतं. माणूस गेल्यावर त्याच्या सहीचं पत्र यावं तसं झालं.

इथे खरी गोष्ट कळते. यूएफडब्ल्यू म्हणजे फायरवॉल नव्हे. फायरवॉलडीही नव्हे. ही दोन्ही रूल लिहून देणारी कारकून मंडळी. अडवायचं काम कर्नल करतो, नेटफिल्टर नावाच्या भागातून. कारकून घरी गेला म्हणून फाइलवर मारलेला शेरा पुसला जात नाही. 'यूएफडब्ल्यू स्टेटस' तुम्हाला यूएफडब्ल्यूला काय वाटतं ते सांगतो, 'फायरवॉल-सीएमडी' फायरवॉलडीला काय वाटतं ते. कर्नलच्या पोटात आत्ता काय आहे हे विचारायचं असेल तर त्यालाच विचारावं लागतं:

सुडो आयपीटेबल्स -एस
सुडो एनएफटी लिस्ट रूलसेट

पहिल्या आज्ञेच्या पहिल्याच ओळीत उत्तर होतं: '-पी इनपुट ड्रॉप'. ही पॉलिसी, म्हणजे परवानगी नसलेलं सगळं गिळायचं. खाली 'यूएफडब्ल्यू-बिफोर-इनपुट', 'यूएफडब्ल्यू-यूझर-इनपुट' अशा चेनची, म्हणजे रूलच्या माळांची, रांग. आणि मधोमध एक रूल: १३९ आणि ४४५ पोर्टला परवानगी, पण कुणाला? १९२.१६८.१.०/२४ ला. जुनी रेंज! एसएसएचला कुठूनही परवानगी होती, पिंगला यूएफडब्ल्यू मुळातच वाट देतो, म्हणून ती दोन्ही चालत होती. सांबा तेवढा जुन्या रेंजला बांधलेला, आणि मशीनं आता १० च्या रेंजवर.

दुसऱ्या आज्ञेत चित्र पूर्ण झालं. 'आयपी फिल्टर' नावाचं टेबल, त्यात यूएफडब्ल्यूच्या चेन. आणि वेगळं 'इनेट फायरवॉलडी' टेबल, त्यात फायरवॉलडीच्या. दोन्ही एकाच वेळी जिवंत.

दोन फायरवॉल एकत्र असतील तर त्यातला एक जिंकेल असं वाटतं ना? तसं होत नाही. एमआयडीसीतल्या एखाद्या मोठ्या कंपनीत माल घेऊन गेलात तर मेन गेटवर पास मिळतो, पण स्टोअरच्या गेटवर परत विचारतातच. दोन्हीकडे हो म्हटलं तर माल आत. कुठल्याही एका गेटवर हाकललं की विषय संपला. नेटफिल्टरला रूल द्यायची जुनी पद्धत आयपीटेबल्स, नवी एनएफटेबल्स. एनएफटेबल्समध्ये अगदी हेच चालतं: एका टेबलाने 'अक्सेप्ट' म्हटलं तरी पाकीट त्याच वळणावरच्या पुढच्या टेबलात जाऊन परत तपासलं जातं, पण 'ड्रॉप' मात्र अखेरचा. म्हणून फायरवॉलडीत तुम्ही दहा वेळा सांबा उघडा, जुना यूएफडब्ल्यू आपल्या गेटवर नाहीच म्हणणार.

पूर्वी हा गोंधळ इतका होत नसे. जुन्या फायरवॉलडीत चालू होतानाच आयपीटेबल्सचे सगळे रूल झाडून काढले जायचे, त्यामुळे आधीच्याची घाण आपोआप निघायची. २०१८ च्या ०.६ आवृत्तीपासून त्याने एनएफटेबल्स धरलं आणि तेव्हापासून तो फक्त स्वतःचं टेबल पुसतो, दुसऱ्याच्या टेबलाला हात लावत नाही. सभ्यपणा म्हणून ठीक आहे. पण 'फायरवॉलडी बसवला की जुनं आपोआप जातं' हा सल्ला तेव्हाच शिळा झाला, आणि लोक अजून तो देतात.

आता प्रश्न, पॅकेज नाही तर हे रूल दर बूटला आणतो कोण?

सिस्टिमसीटीएल लिस्ट-युनिट-फाइल्स --स्टेट=एनेबल्ड

या यादीत चार नावं शोधायची: यूएफडब्ल्यू, एनएफटेबल्स, आयपीटेबल्स, आणि ज्याने माझे तीन रविवार खाल्ले तो नेटफिल्टर-पर्सिस्टंट. हा 'आयपीटेबल्स-पर्सिस्टंट' पॅकेजबरोबर येतो. ते पॅकेज बसवताना निळ्या पडद्यावर विचारतं, आत्ताचे रूल जतन करायचे का? आपण सवयीने 'येस' दाबतो. त्या क्षणी कर्नलमध्ये जे काही आहे त्याचा फोटो काढून ते '/ईटीसी/आयपीटेबल्स/रूल्स.व्ही४' मध्ये ठेवतं, आयपीव्ही६ चा 'रूल्स.व्ही६' मध्ये, आणि पुढे प्रत्येक बूटला तो फोटो जसाच्या तसा भिंतीवर टांगतं. आधीच्या माणसाकडे यूएफडब्ल्यू चालू होता, म्हणून फोटोत यूएफडब्ल्यूच्या चेन. फाइलची पहिली ओळ 'जनरेटेड बाय आयपीटेबल्स-सेव्ह' आणि पुढे तारीख, दोन वर्षांपूर्वीची. इतके दिवस त्रास का झाला नाही? कारण फोटो आणि खरा यूएफडब्ल्यू दोघं एकच बोलत होते.

आणि माझं 'यूएफडब्ल्यू डिसेबल' दोन रविवार का चाललं, तेही आता कळलं. ती आज्ञा यूएफडब्ल्यू आधीच बंद असला तरी आपल्या चेन रिकाम्या करते आणि पॉलिसी 'अक्सेप्ट' वर आणते. म्हणजे मी चोर पकडत नव्हतो, दर रविवारी फक्त भिंत पुसत होतो. पुढच्या बूटला फोटो परत टांगला जात होता. औषधाने बरं वाटलं म्हणून रोगाचं नाव कळलं असं मी धरून चाललो, तिथे फसलो.

काढायचं कसं

क्रम महत्त्वाचा आहे. कॉम्प्युटरसमोर बसला असाल तर चूक परवडते, एसएसएचवरून करत असाल तर परवडत नाही.

पहिलं, आणणाऱ्याला थांबवा:

सुडो सिस्टिमसीटीएल डिसेबल --नाऊ नेटफिल्टर-पर्सिस्टंट
सुडो एपीटी पर्ज आयपीटेबल्स-पर्सिस्टंट नेटफिल्टर-पर्सिस्टंट

पर्ज करायच्या आधी रूल्सच्या दोन्ही फाइल्स घरच्या फोल्डरमध्ये हलवून ठेवा. उद्या कुणी विचारलं की अमुक आयपीला पूर्वी परवानगी होती का, तर तोच एक कागद असतो. आणि हेही लक्षात घ्या की सर्व्हिस थांबवली म्हणून कर्नलमधले रूल जात नाहीत. नेटफिल्टर-पर्सिस्टंट थांबताना मुद्दाम काही पुसत नाही, त्याची तशीच ठेवण आहे.

यूएफडब्ल्यूचं पॅकेज अजून असेल तर आधी 'यूएफडब्ल्यू डिसेबल', मग 'सिस्टिमसीटीएल डिसेबल --नाऊ यूएफडब्ल्यू'. दोन्ही. पहिली त्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये 'नाही' लिहिते, दुसरी सिस्टिमडीच्या, म्हणजे बूटला सर्व्हिस चालू करणाऱ्याच्या, यादीतून नाव काढते. इतर कुणी त्या कॉम्प्युटरवर हात चालवणारं असेल तर वर 'मास्क'ही करून टाका, म्हणजे सहज चालू होणार नाही. पॅकेज काढायचंच असेल तर या सगळ्यानंतर.

दुसरं, कर्नल साफ करा. सोपा मार्ग म्हणजे रीबूट. आणणारा गेला की रीबूटनंतर तिथे फक्त फायरवॉलडी उरतो. दोन पाळ्यांच्या मध्ये रीबूट करता येत नसेल तर हाताने:

सुडो आयपीटेबल्स -पी इनपुट अक्सेप्ट
सुडो आयपीटेबल्स -पी फॉरवर्ड अक्सेप्ट
सुडो आयपीटेबल्स -एफ
सुडो आयपीटेबल्स -एक्स

पॉलिसी आधी, '-एफ' नंतर. उलट केलंत तर परवानगीचे सगळे रूल पुसले जातात आणि 'ड्रॉप' पॉलिसी तेवढी शिल्लक राहते, मग एसएसएच जागच्या जागी गोठतं आणि तुम्ही गाडीची किल्ली शोधता. हे मी एकदा रात्री साडेअकराला केलंय, गिऱ्हाईक सिन्नरला होतं. पुढचं सांगत नाही.

हेच चार वार आयपी६टेबल्सने परत मारायचे. आयपीव्ही६ विसरलं की अर्धा रोग उरतो: एका कॉम्प्युटरवरून फोल्डर उघडतं, दुसऱ्यावरून नाही, आणि माणूस केबल बदलत बसतो.

'एनएफटी फ्लश रूलसेट' ही एका फटक्यात सगळं साफ करणारी आज्ञा मोहात पाडते. ती फायरवॉलडीचं टेबलही घेऊन जाते, डॉकर (कंटेनरमध्ये प्रोग्राम चालवणारं साधन) असेल तर त्याचंही. मारलीच तर लगेच दोघांना रीस्टार्ट करा, आधी फायरवॉलडी, मग डॉकर. मी मारत नाही.

एक कोपरा राहतो. 'आयपीटेबल्स -व्ही', यातला व्ही कॅपिटल, मारलं की कंसात 'एनएफ टेबल्स' किंवा 'लेगसी' असं दिसतं. उबंटू २२.०४ मध्ये, आणि डेबियनमध्ये २०१९ च्या दहाव्या आवृत्तीपासून, पहिलं असतं. पण एखाद्या जुन्या स्क्रिप्टने लेगसीवाला वापरला असेल तर त्याचे रूल 'एनएफटी लिस्ट रूलसेट' मध्ये दिसतच नाहीत, आणि अडवायचं काम मात्र करतात. म्हणून 'सुडो आयपीटेबल्स-लेगसी -एस' एकदा मारून बघाच. तीन ओळी आल्या आणि तिन्हीत 'अक्सेप्ट' असेल तर तिकडे काही नाही.

बदलायचंच आहे, अजून बदललं नाही, त्यांच्यासाठी

उबंटू-डेबियनमध्ये 'एपीटी इन्स्टॉल फायरवॉलडी' केलं की तो बसतो आणि त्याच क्षणी चालूही होतो, पुढच्या बूटसाठी नाव नोंदवून. त्या वेळी यूएफडब्ल्यू चालू असेल तर वर सांगितलेली दोन गेटं तिथेच उभी राहतात. आणि नव्याने आलेल्या फायरवॉलडीचा 'पब्लिक' झोन एसएसएचला फक्त २२ वर वाट देतो. तुम्ही एसएसएच २२२२ वर हलवलं असेल तर चालू असलेलं कनेक्शन टिकतं, कारण जुळलेल्या कनेक्शनला कर्नल ओळखतो, पण नवं लागत नाही. म्हणूनच लोक फसतात: आपली खिडकी उघडीच आहे, सगळं ठीक आहे, म्हणून लॉगआउट करतात आणि दार बंद. जुनी खिडकी तशीच ठेवून दुसऱ्या टर्मिनलमधून नवं कनेक्शन लागतं का ते बघायचं, त्याशिवाय जागचं हलायचं नाही.

लांबून काम असेल तर मी आधी दोर बांधून घेतो:

सुडो एसएच -सी 'स्लीप ६००; सिस्टिमसीटीएल स्टॉप फायरवॉलडी' &

दहा मिनिटांनी फायरवॉलडी आपोआप थांबतो. सगळं नीट झालं तर मागे चालू असलेली ही आज्ञा वेळ संपायच्या आत 'किल' करून थांबवायची, फसलो तर चहा पिऊन परत यायचं. ओबडधोबड आहे, पण सिन्नरनंतर एकदाही सोडली नाही. सुडो पासवर्ड विचारत असेल तर आधी 'सुडो -व्ही' करून तो देऊन ठेवा, नाहीतर मागे ढकललेली आज्ञा पासवर्डची वाट बघत तिथेच बसते आणि दोर बांधलाच जात नाही.

सगळं साफ केलं तरी बंद-चालू चालूच असेल तर

मग बहुतेक फायरवॉलडीच्याच दोन वळणांपैकी एकावर अडकला आहात. फायरवॉलडीत आत्ताचे रूल वेगळे आणि कायमचे वेगळे. '--पर्मनंट' न लावता सांबा उघडला तर तो लगेच उघडतो आणि रीबूटला विसरला जातो. '--पर्मनंट' लावून उघडला तर लिहून ठेवला जातो पण '--रीलोड' करेपर्यंत लागू होत नाही. यूएफडब्ल्यूवरून आलेल्या माणसाला हे हमखास चकवतं, कारण तिथे एकदा 'अलाउ' म्हटलं की आत्ताही आणि कायमचंही. माझी पद्धत: आधी नुसतं उघडून चालतं का बघायचं, चाललं की '--रनटाइम-टू-पर्मनंट'.

दुसरं वळण झोनचं. रूल 'पब्लिक' मध्ये लिहिला आणि कार्ड 'इंटर्नल' मध्ये बसलंय, असं होतं. 'फायरवॉल-सीएमडी --गेट-अॅक्टिव्ह-झोन्स' मारलं की कुठलं कार्ड कुठे आहे ते कळतं. नेटवर्कमॅनेजर असेल तर झोन त्याच्या कनेक्शनमध्येच लिहून टाका, 'एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय' ने, म्हणजे केबल काढून लावली तरी कार्ड घर बदलत नाही. आणि सांबावाल्यांनी एक बघून ठेवा: 'होम' आणि 'इंटर्नल' झोनमध्ये मुळातच 'सांबा-क्लायंट' असं काहीतरी लिहिलेलं दिसतं. ते म्हणजे सांबा नव्हे. त्यात फक्त १३७ आणि १३८ हे यूडीपी पोर्ट येतात, दुसऱ्याचं शेअर शोधण्यापुरते. आपलं फोल्डर दुसऱ्याला द्यायचं तर १३९ आणि ४४५ लागतात, आणि ते 'सांबा' या सर्व्हिसमध्ये आहेत. शेवटच्या तुकड्याकडे न बघता 'आहे की यादीत' म्हणून पुढे गेलेले मी पाहिलेत, त्यात एकदा मी स्वतः.

डेबियनवाल्यांनी एनएफटेबल्सची सर्व्हिसही तपासावी. तिच्या '/ईटीसी/एनएफटेबल्स.कॉन्फ' फाइलीत सुरुवातीलाच 'फ्लश रूलसेट' असतं. ती सर्व्हिस चालू ठेवली आणि कुणी मध्येच रीस्टार्ट केली तर फायरवॉलडीचे रूल उडतात, आणि फायरवॉलडीला त्याचा पत्ताही नसतो, तो आपला 'रनिंग' सांगत राहतो. हा उलट रोग: पोर्ट बंद हवा, आणि उघडा सापडतो.

डॉकरचं प्रकरण मोठं आहे, इथे एवढंच की डॉकरने बाहेर काढलेला पोर्ट यूएफडब्ल्यूच्या 'इनपुट' रूलला विचारतच नाही, तो पत्ता बदलून 'फॉरवर्ड' च्या वाटेने जातो. यूएफडब्ल्यूमध्ये बंद दिसणारा डेटाबेस जगाला उघडा असण्याचं कारण बहुतेकदा हेच.

अंबडला परत येतो. सगळं काढल्यावर काका म्हणाले, झालं ना? मी म्हटलं, मेन स्विच पाडा. ते माझ्याकडे बघत राहिले, कारण मशीन नुकतीच सुरू झाली होती. पण रीबूटवर माझा भरवसा नव्हता, मला यांचा शुक्रवार हवा होता, स्विचपासून. जॉब संपेपर्यंत वीस मिनिटं थांबलो, तोवर थंड मिसळ पावाबरोबर खाल्ली, रस्सा तरीसकट गोठलेला. मग कॉम्प्युटर नीट शटडाउन करून स्विच पाडला, वर केला. सगळं चालू झाल्यावर आधी 'सुडो एनएफटी लिस्ट रूलसेट' मध्ये यूएफडब्ल्यू शोधला, एकही ओळ नाही. मग दोन्ही मशीनपाशून फोल्डर उघडून पाहिलं.

कॅबिनेटच्या बाजूला मार्करने लिहिलेली चिकटपट्टी लावून आलो: 'फायरवॉलडी आहे. यूएफडब्ल्यू नाही, बसवू नये. जुने रूल होम फोल्डरमध्ये. मशीनांची रेंज १०.' खाली तारीख. काकांनी पट्टी वाचली आणि विचारलं, यावर तुमचा नंबर का नाही?